स्क्वेअर लेगवरून दिलेला नो-बॉल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. परवा पुन्हा कुणीतरी तोंडावर म्हणालं, 'स्पिन खेळावी ती तुम्हीच!' — आणि माझं डोकं फिरलं. डोंबलाची स्पिन!

ऑफस्पिन खेळायचो, नाही कशाला म्हणू? डावखुऱ्या स्पिनरला पुढे येऊन उचलायचोही. पण लेगस्पिन? गुगली? ती हातातून कशी सुटते ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. टप्पा पडल्यावर कळायचं, तोवर उशीर झालेला असायचा. नव्वदच्या दशकात आम्ही गंगापूर रोडला मॅटवर खेळायचो, तेव्हा हे फक्त अशोकला ठाऊक होतं. इंदिरानगरचा अशोक, माझा जिवलग दोस्त, नेटमध्ये मला रोज लेगस्पिन टाकणारा. कुणापुढे चकार शब्द काढला नाही त्यानं.

जिल्ह्याच्या संघाची निवड व्हायची होती. त्याआधीच्या सराव सामन्यात अशोक समोरच्या संघात. गुगली टाकली आणि माझी दांडी गुल! निवड करणारे साहेब शेडमध्ये बसलेले. तिथं कुणीतरी फिदीफिदी हसलं. बस्स, माझं पित्त खवळलं.

आमच्याकडे रीतच होती — बाद झालेल्यानं पॅड सोडायचे आणि अंपायर म्हणून उभं राहायचं. मी स्क्वेअर लेगला गेलो. अशोकनं बॉल टाकला, आणि मी हात आडवा केला. नो-बॉल.

"काय झालं रे?"

"फेकतोयस."

तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतोय! मी पुन्हा दिला. मग साहेबांनी मला बोलावून विचारलं, खरंच कोपरात वाकतो का त्याचा हात? मी त्याचा दोस्त — माझ्यावर कोण संशय घेणार? म्हणालो, "नेटमध्येपण वाकतो, साहेब. रोज बघतो मी."

वाकत नव्हता. कधीच नाही! खोट माझ्या नजरेत होती, आणि भोगलं त्यानं. माझी निवड झाली. त्याला सगळे 'फेक्या' म्हणायला लागले. मीही म्हणालो, चारचौघांत, दात काढून — हलकटपणाला काही मर्यादा? वर्षभरात त्यानं बॉलिंग सोडली.

पुढे दोन हजारनंतर मी कोचिंग सुरू केलं. एक दिवस अशोक त्याच्या पोरीला घेऊन आला. वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. धरायलाच हवी होती! मी वाट बघत उभा राहिलो. तो म्हणाला, "हिला लेगस्पिन टाकायचीय. तूच शिकव. फक्त हिचा हात बघ बाबा, माझ्यासारखा वाकायला नको. तू होतास म्हणून तेव्हा कळलं तरी, मला स्वतःला कधी जाणवलंच नव्हतं."

त्याला ते खरं वाटत होतं. इतकी वर्षं!

मी "बघतो" म्हणालो. आणि त्याच्यासमोर, अगदी गंभीर चेहरा करून, त्या पोरीचं कोपर चाचपून बघितलं.