वटवाघळाचं उष्टं

निजामाच्या राज्यात मंठ्याहून वाटूरला मी सून म्हणून आले. थोरल्या जावेला धाकट्या दिरासाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी, स्वतःची बहीण करायची होती. पहिल्याच दिवशी ती पाहुण्यांदेखत म्हणाली, "माझी बहीण शिंजीर पाखरावानी नाजूक. अन् ह्यांनी आणलं काय, तर वटवाघूळ." मी काळी होते, कान मोठे होते. बाया हसल्या. वरीसभर घरात तेच नाव चाललं. नवराही एकदा हसला.

मी परसात भांडी घासताना केळीकडं बघत बसायची. दिवेलागणीला लहान वटवाघळं यायची, केळफुलाला पंजे रोवून घटकाभर लटकायची आणि लांब जिभेनं मध चाटून निघून जायची. सकाळी त्याच केळफुलावर शिंजीर यायचा, निळा, चमकदार. उरलंसुरलं तो प्यायचा. मंग शेजारच्या जास्वंदीच्या फुलांच्या बुडाशी चोचीनं भोक पाडायचा. तीच फुलं जाऊ देवाला वाहायची.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिची बहीण आली. भरल्या घरात जाऊ म्हणाली, "आमच्या वटवाघळाला पाणी आणायला सांगा."

मी तांब्या खाली ठेवला आणि गौरीपुढचं जास्वंदीचं फूल उचललं.

"जाऊबाई, हे भोक बघा. शिंजिरानं पाडलंय. तो आधी वटवाघळानं चाटलेलं केळफूल पितो, मंग ह्याच्यात चोच घालतो. वरीसभर तुम्ही देवाला वटवाघळाचं उष्टं वाहून राह्यल्या. खोटं वाटत असंल तर उद्या सकाळी बघा."

सासूबाईंनी फूल उजेडात धरून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. कुणीतरी पदराआड हसलं. जावेची बहीण मान खाली घालून बसली.

दुसऱ्या दिवशी जाऊ उजाडल्यापासून केळीपाशी बसली. तिनं सगळं पाहिलं. मंग काठी घेतली आणि लिंबाच्या झाडावर लोंबणारं शिंजिराचं घरटं खाली पाडलं. आत दोन पिल्लं होती, पंखही न फुटलेली. मी तिथंच राखेनं तवा घासत होते. एक शब्द बोलले असते तर तिचा हात थांबला असता. बोलले न्हाई. तिचा शिंजीर तिच्याच हातानं मरावा, असंच मला वाटत होतं. ती घरात गेल्यावर पिल्लं मी केळीच्या बुडाशी पुरली.

सासूबाईंनी देवपूजा माझ्याकडं दिली. ते नाव पुन्हा कुणी घेतलं न्हाई.

जाऊ वारली तेव्हा भावकीतल्या बाया म्हणाल्या, "आता तरी मन साफ कर." मी हो म्हणाले. केलं न्हाई.