एका श्वासाचा कोरा पडदा

तिला सगळे कुजबूज म्हणत. नाटक कंपनीत तिने उभी हयात विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं. नट अडला की शब्द नेमका त्याच्याच कानात पडायचा, पहिल्या रांगेतल्या माणसालाही पत्ता लागायचा नाही. तिचा आवाज कधी प्रेक्षकांत गेला, असं कुणालाच आठवत नाही. याचा तिला ताठा होता, आणि का नसावा!

तिचे यजमान त्याच कंपनीत राजांच्या भूमिका करत. मुकुट पेटीत गेला तरी त्यांना घरीदारी राजेच म्हणत राहिले. उतारवयात राजांचे कान गेले; घरच्यांचं बोलणं तेवढं ते ओठांवरून ओळखत. त्याच सुमारास नाट्यगृहात रंगमंचाच्या माथ्यावर एक लांबट पडदा बसला. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी संवाद त्यावर अक्षरांत उमटत. तो चालवायला नटाचा श्वास ओळखून बटण दाबणारं माणूस हवं होतं. कुजबुजीशिवाय दुसरं कोण? विंग सोडून ती मागच्या काचेच्या खोलीत आली. ते यंत्र आतून कसं चालतं हे कळेना म्हणून तिला चैन पडेना, तेव्हा ती लेकीकडून प्रोग्रामिंगही शिकली.

"आई, तू इतक्या चुका पकडतेस की माझ्या ऑफिसात तुझी दहशत बसेल," लेक म्हणायची.

घोळ एकच होता. नट वाक्यं गाळतात. नट पुढे गेला की कुजबुजीलाही पुढे उडी मारावी लागे, आणि पडदा चालवणारा प्रोग्राम मधली सगळी वाक्यं पडद्यावरून भराभर पळवत नेई. एका प्रयोगात नटाने अख्खा विनोद गिळला. पडद्याने तो दाखवला. रंगमंचावर नायिका बापाच्या मरणाची बातमी ऐकत होती, आणि तिसऱ्या रांगेत राजे एकटेच खदखदून हसले. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

घरी आल्यावर राजांनी नाटकाला जायचा कोट खुंटीला टांगला. "हा आता खाली काढू नकोस. जिथे टाळ्या घेतल्या तिथे वेड्यासारखा हसलो. बास झालं."

दुसऱ्या दिवशी कुजबुजीने नाट्यगृहाच्या संगणकावर प्रोग्राम उघडला आणि ती उडी दुरुस्त केली. पण प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की संगणकावर ती आपोआप चढे आणि हिची दुरुस्ती पुसली जाई. पुन्हा केली, पुन्हा पुसली गेली.

"ठिगळ किती वेळा लावशील?" लेक म्हणाली. "हा प्रोग्राम ओपन सोर्स आहे. त्याचा कोड जगात कुणीही बघावा, सुधारावा. तुझा बदल मुळातच घालायला दे ना. नव्या नाटकाच्या आधी पुढची आवृत्ती येतेय, त्यात गेला तर कायमचा राहील."

"मला कोण विचारणार?"

"विचारतात. आधी त्यांचे नियम वाच. मग अडचण मांड, म्हणजे कुणी त्यावर काम करत असेल तर कळेल. मग कोडची स्वतःची कॉपी घे, तिच्यात वेगळी फांदी काढ, बदल त्या फांदीवर कर, चाचण्या चालव, आणि हा बदल घ्याल का, अशी विनंती पाठव."

कुजबुजीने सगळं मन लावून केलं. फक्त वाटेत अक्षरांमधलं अंतर खटकलं, ते सावरलं. दोन बटणांचे रंग बदलले. एक निकामी तुकडा दिसला, तोही उडवला. दिसेल ते गुपचूप सावरायचं, ही विंगेतली जुनी खोड. आणि बदलाचं वर्णन लिहायच्या मोठ्या चौकटीत तिने दोनच शब्द लिहिले : 'उडी सुधारली.'

तिकडे बदल तपासणाऱ्या बाई नावाच्या जागी घुबडाचं चित्र लावत. घुबडाचं उत्तर आलं : 'आभार. पण नेमकं काय बिघडलं होतं? कुणाला त्रास होत होता? मी ते कसं पडताळू? आणि उडीच्या बदलात बटणांचे रंग कशासाठी?'

कुजबुजीच्या नाकाला मिरची झोंबली. "उलटतपासणी घेतेय! प्रॉम्प्टरने काम करावं आणि गप्प बसावं. भाषणं कसली द्यायची?"

राजांनी चष्मा लावून ते उत्तर दोनदा वाचलं. कान गेल्यापासून त्यांचा आवाज नेहमीच शेवटच्या रांगेसाठी असे. "अगं, प्रयोगात तू गप्प असायचीस! तालमीत होतीस का? दिग्दर्शकाला फाडून खायचीस! 'हे वाक्य इथे का, तो दरवाजा तिथे का,' दोन दोन तास!"

"हळू बोला हो. शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत! ही बाई म्हणजे प्रेक्षक नव्हे. ही तालीम चाललीय तुझी!"

कुजबूज खुर्ची पुढे ओढून बसली.

रंग, अंतर, निकामी तुकडा, सगळं तिने बाजूला काढलं. ज्याची त्याची वेगळी विनंती. उडीचा बदल एकटा उरला. चौकटीत तिने सगळी हकिगत लिहिली : गिळलेला विनोद, रडणारी नायिका आणि तिसऱ्या रांगेत एकटाच हसलेला एक जुना नट. सोबत एक चाचणी जोडली. नटाने तीन वाक्यं गाळली असं धरून प्रोग्रामने स्वतःच उडी मारायची, आणि मधलं एकही वाक्य पडद्यावर आलं तर बोंब ठोकायची.

घुबडाची शंका उरली ती एकच : 'उडीनंतर पडदा क्षणभर कोरा का? पुढचं वाक्य लगेच दाखवा.'

इथे कुजबूज हटली नाही. 'वाचणाऱ्याची नजर आधीच्या वाक्यावर खिळलेली असते,' तिने लिहिलं. 'पडदा कोरा झाला की तो मान खाली करून नटाकडे बघतो. एका श्वासाची ती जागा आहे. ती काढली तर तो नाटक सोडून अक्षरांच्या मागे धावेल.'

'पटलं,' घुबडाने कळवलं. 'पण तो श्वास किती लांब, हे कोडमध्ये ठोकून बसवू नका. प्रत्येक नाट्यगृहाला आपापला ठरवता येऊ दे.'

"बाई शहाणी आहे," कुजबूज म्हणाली आणि तेवढं बदलून दिलं. चाचण्या पार पडल्या, बदल मुळात गेला. लेकीने फोनवर आनंदाने आरडाओरडा केला. कुजबुजीने सरळ जाऊन खुंटीवरचा कोट काढला आणि झटकला.

"अहो, उठा."

"पुन्हा हसं झालं तर?"

"झालं तर माझं होईल. लिहून दिलंय मी त्यांना, सगळ्या जगासमोर."

नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. संगणकावर नवी आवृत्ती, काचेच्या खोलीत कुजबूज, तिसऱ्या रांगेत कोट घालून राजे. दुसऱ्या अंकात नायकाने अख्खं पान गाळलं. कुजबुजीने उडी मारली. पडदा कोरा झाला, एक श्वासभर. तिसऱ्या रांगेतली मान खाली आली आणि नायकावर स्थिरावली. नायकाने चोरट्या पावलांनी दार उघडलं, तर समोर सासरा. वर वाक्य उमटलं, नाट्यगृहात हशा पिकला, आणि त्यात राजांचा गडगडाट मिसळून गेला. वेगळा ओळखू आला तो फक्त काचेच्या खोलीत.

तेवढ्यावर थांबतील तर राजे कसले! ते मागे वळले, काचेकडे हात उंचावून गरजले, "वा, कुजबूज, वा!"

सगळ्या माना पुन्हा वळल्या. या खेपेला काचेच्या खोलीकडे. कुजबूज जागची उठली आणि तिने मान लववली. मग झटकन बसली, कारण नायक पुढचं वाक्य गाळायच्या बेतात दिसत होता.