पंख्याची खातेनिहाय चौकशी

चैत्र वद्य तृतीया, रविवार. वेळ सकाळची, ऊन ओट्यावर चढायच्या आतली.

हजर: घरमालक, खुर्चीत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दाराआड, मांडीवर डाळीचं सूप. मागच्या खोलीतले कंपौंडर. माडीवरचे एसटीचे कंडक्टर, ड्यूटीवर जायच्या घाईत. मी. शिवाय टेबलफॅन एक, रेडिओ एक, विजेची इस्त्री एक, तिन्ही सतरंजीवर ओळीनं. गैरहजर कोणी नाही.

घरमालकांनी टोपी सारखी केली, एकदा आम्हा सगळ्यांकडे आणि एकदा पंख्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चौकशीबिगर सजा न्हाई. बोला, बाई."

आरोपीचं नाव लिहायचं राहिलं असं तुम्हाला वाटेल. राहिलेलं नाही. आरोपी पंखाच होता.

मराठवाडा मुंबई राज्यात गेल्याला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. गावाचं नाव कागदावर उस्मानाबाद आणि आमच्या तोंडात धाराशिव. मी तिथल्या कन्याशाळेत शिकवत होते आणि या घरमालकांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होते. निजामाच्या अमदानीपासून ते तहसील कचेरीत पेशकार होते. साहेबापुढं कागद ठेवायचे, तारखा द्यायच्या, हुकूम वाचून दाखवायचे, हे त्यांचं काम. सगळी नोकरी एका खुर्चीत झाली. नवं राज्य आलं तशी त्यांची बदली दूर कुठंतरी निघाली. ते गेले नाहीत. नोकरी सोडून घरी बसले. कचेरी गेली, पण पेशी, म्हणजे सुनावणी, काही त्यांच्या अंगातून गेली नाही. दर रविवारी ओट्यावर ती भरायची, आणि तिची नोंद मी लिहायची.

जुने बडे साहेब हैदराबादला परतले तेव्हा बंगल्यावरच्या सामानाचा लिलाव झाला होता. पेशकारसाहेबांनी त्यातून तीन वस्तू आणल्या: काळा, लोखंडी, मान हलवणारा टेबलफॅन; कपाटाएवढा रेडिओ; आणि ती इस्त्री. पुढं खोल्या भाड्यानं दिल्या तेव्हा प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक वस्तू दिली. पंखा माझ्याकडे, रेडिओ कंपौंडरांकडे, इस्त्री कंडक्टरांकडे. "दिली" म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. "नेमणूक केली," म्हणायचं.

सुरुवातीला रेडिओवर नुसतं हैदराबादच लागायचं. मराठी काही केल्या येईना. कंपौंडरांनी तक्रार केली. पेशकारसाहेब रेडिओवर हात ठेवून म्हणाले, "थोडा वेळ द्या त्याला. सगळी नोकरी उर्दूत झाली बिचाऱ्याची. आता एकदम मराठी कुठून आणंल?" कंपौंडरांनी वेळ दिला. पावसाळा संपता संपता रेडिओ खरंच मराठी बोलायला लागला. कंपौंडरांनी मधल्या काळात छपरावर एरियलची तार बांधली होती, पण ती गोष्ट पेशीत कुणी काढली नाही.

कुठलीही वस्तू बंद पडली की दुरुस्तीवाल्याचं नाव काढायचं नाही. आधी चौकशी. मग समज. मग रजा, म्हणजे ती वस्तू धोतराच्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर त्यांच्या फडताळात. रजेनंही भागलं नाही तर बदली, म्हणजे दुसऱ्या बिऱ्हाडात. फेकून द्या, भंगारात घाला, असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "बडतर्फी आपल्याकडं न्हाई," एवढंच म्हणायचे. त्यांच्याबरोबरचे कितीतरी लोक घरी बसवले गेले होते, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून पुढं कुणी बोलायचं नाही.

मी कामाची माणूस आहे. सकाळी दिवसाच्या कामांची यादी करते आणि रात्री झालेल्यांवर काट मारते. त्या महिन्यात माझ्या यादीत पहिलं काम होतं पंखा. माझी धाकटी बहीण लोहाऱ्याला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले होते आणि भर वैशाखात ती मोकळी होणार होती. आईवडील नव्हते. माहेर म्हणजे मीच. सासरचे पाठवायला तयार नव्हते. मग मी लिहिलं की इथं सरकारी दवाखाना जवळ आहे आणि माझ्या खोलीत विजेचा पंखा आहे. दवाखान्याचं त्यांना विशेष वाटलं नाही. पंख्याचं ऐकून पाठवायला तयार झाले. आणि त्याच आठवड्यात पंखा बंद पडला.

तर त्या रविवारची चौकशी.

पेशकारसाहेबांनी विचारलं, पंखा कधी थांबला. मी म्हटलं, काल संध्याकाळी. थांबताना काही आवाज केला का? नाही. त्याआधी तुम्ही त्याला काही टाकून बोललात का?

मी म्हटलं, "फार खडखड करतो, एवढं म्हणाले होते."

"कुणासमोर?"

"शेजारणीसमोर."

त्यांनी मान हलवली. सगळा उलगडा झाला अशी. "मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर राहिलेला माणूस हाय हा, बाई. चारचौघांत बोलल्यावर लागणार त्याला."

दाराआडून काकू म्हणाल्या, "कचेरीत एक शिपाई ऐकत नव्हता ह्यांचं. आता इस्त्री-पंख्यांनी ऐकावं म्हणे."

पंखा रजेवर गेला. रजेवरून आला तसाच ढिम्म. मग त्याची कंपौंडरांच्या खोलीत बदली झाली आणि तिथं तो बटण दाबताच असा फिरला की त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर उडून खाली पडलं. कंपौंडरांची मुलं पंख्यासमोर तोंड उघडून बसली. पेशकारसाहेब मला म्हणाले, "बघा. जागा बदलली की माणूस खुलतो." काकूंनी सूप जरा जोरात आपटलं.

बदल्यात रेडिओ माझ्याकडे आला. मुका झाला. मग रेडिओ कंडक्टरांकडे गेला आणि तिथं गाऊ लागला. कंडक्टरांची इस्त्री माझ्याकडे आली. गार पडली. आता मी पाचवीला गणित शिकवते. तीन हुशार मुली एकाच वर्गात गेल्या की नापास होतात, तर वर्गात जाऊन पाहायला हवं, एवढं मला कळतं. पुढच्या पेशीत मी उभी राहिले आणि म्हटलं, "पेशकारसाहेब, ह्या तिघांत कुणीच दोषी नाही. माझ्या भिंतीतला प्लग मेलाय."

त्यांना ते पटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पटलं म्हणूनच ते उठले, माझ्या खोलीत आले आणि भिंतीसमोर उभे राहिले. प्लगकडे बराच वेळ पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, चष्मा घालून पाहिलं. मग बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं की पंखा, रेडिओ आणि इस्त्री यांना सन्मानानं निर्दोष सोडण्यात येत आहे, आणि भिंतीची जबानी पुढच्या रविवारी.

"भिंतीची?" कंडक्टर म्हणाले. त्यांची गाडी चुकायला आली होती.

"मग काय, तिला न विचारताच सजा द्यायची?"

मी पॉवर हाऊसच्या वायरमनकडे गेले. तो म्हणाला, येतो. त्याच्या घरी लग्न होतं, मग मेव्हण्याच्या घरी लग्न होतं. दिवसाआड मी जात होते आणि तो दिवसाआड "येतो" म्हणत होता. मग मी पेशकारसाहेबांना सुचवलं की दिव्याच्या होल्डरमधून वायर घेऊ आणि पंखा लावू. ते म्हणाले, दिव्याच्या जागेवर पंख्याची नेमणूक नियमात बसत नाही. कंपौंडरांच्या खोलीतून वायर ओढू म्हटलं. दुसऱ्याच्या हद्दीतून यायची म्हणजे दोघांची संमती लागेल, म्हणाले. कंपौंडरांना विचारलं, महिनाभर खोल्या बदलता का. भला माणूस, पण खाली मान घालून म्हणाला, "बाई, पोरं पहिल्यांदा उन्हाळ्यात झोपायला लागलीत. उठवू कशी?" मुलं मीही पाहिली होती.

आणि बहीण आली. लोहाऱ्याहून एसटीत उभ्या-बसल्या आलेली, पाय सुजलेले, तोंड लालबुंद. कॉटवर बसली, पदरानं वारा घेतला आणि खोलीभर नजर फिरवली.

"अक्का, पंखा कुठाय गं?"

मी म्हटलं, "चौकशी चालू आहे."

ती हसायला लागली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबली.

त्या खोलीला पत्रा होता. दुपारी भांड्यातलं पाणी कोमट व्हायचं. मी ओलं कापड दाराला लावलं, ताडाच्या पंख्यानं तिला वारा घालत राहिले. तिला रात्री झोप नव्हती. शेवटचे दिवस, आणि जीव घाबरा व्हायचा. ती एकदा हळूच म्हणाली, "लोहाऱ्याला निदान लिंबाचं झाड होतं." माझ्या यादीतलं पहिलं काम तसंच होतं आणि मी रोज त्याच्याकडे बघत होते.

रविवार आला. भिंतीची पेशी. हजेरीत बहिणीची भर पडली होती. आत बसवेना म्हणून ती ओट्याच्या सावलीत खांबाला टेकून बसली होती. पेशकारसाहेब आले, टोपी सारखी केली, "चौकशीबिगर..." इथपर्यंत म्हणाले आणि त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी त्या घरात राहायला आल्यापासून हे पहिल्यांदा घडत होतं.

मग ते उभे राहिले. हुकूम ते नेहमी बसून देत. हा उभ्यानं दिला. पंख्याची बदली कंपौंडरांकडून पेशकाराच्या खोलीत. इस्त्री आणि रेडिओ दोन्ही कंपौंडरांना, भरपाई म्हणून. बाई आणि त्यांच्या भगिनी यांची बदली पेशकाराच्या खोलीत. काकू तिथंच, बाळंतिणीच्या मदतीला.

"आणि पेशकाराची बदली," ते म्हणाले, "बाईंच्या खोलीत."

दाराआडचं सूप थांबलं. काकू उंबऱ्यापर्यंत आल्या. मी त्यांना पेशीत उघड आलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"तुमची बदली?"

"व्हय."

"त्या टायमाला मी हाताला धरून म्हणत होते, जाऊ या म्हणून. गेला न्हाईत. खुर्ची सुटंना तुमची."

"त्या हुकमावर सही त्यांची होती," पेशकारसाहेब म्हणाले. "ही माझी हाय."

काकूंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "लोटा आन् अंथरूण न्या सोबत. तिथं कुणी आणून देणार न्हाई."

कंपौंडरांनी हरकत घेतली नाही. पंखा त्यांनीच उचलून आणला, मागून त्यांची मुलं मिरवणुकीसारखी. पेशकारसाहेब लोटा, अंथरूण आणि ताडाचा पंखा घेऊन अंगण ओलांडून माझ्या खोलीत गेले. दारात थांबून मला म्हणाले, "रुजू झालो म्हणून नोंद करा." मी केली.

पूर्ण वैशाख ते त्या पत्र्याखाली राहिले. सकाळी स्वतःच्याच दारात येऊन विचारायचे, "हद्दीत येऊ का?" काकू आतून म्हणायच्या, "काम काय?" ते म्हणायचे, "चहा." मग आत बोलावलं जाई. दुपारी मी कधी डोकावले तर भिंतीकडे तोंड करून, उघड्या अंगानं, ताडाचा पंखा हलवत बसलेले असायचे. विचारलं तर म्हणायचे, जबानी घेतोय, मोठी हुशार भिंत आहे, काही सांगत नाही.

भाची दवाखान्यात झाली आणि पंख्याखाली वाढली. आपल्या खडखडाटानं पंखा तिला झोपवायचा. पेशकारसाहेब दाराबाहेरूनच तिला बघायचे आणि पंख्याला म्हणायचे, "शाब्बास. नोकरी सार्थकी लागली."

बहीण बाळाला घेऊन लोहाऱ्याला परतली. मी सामान आवरून माझ्या खोलीत परत जायला निघाले. पेशकारसाहेब म्हणाले, घाई काय आहे, मुदत संपलेली नाही. मुदत किती, ते सांगितलं नाही. पावसाळा गेला, थंडी आली, आणि पुढच्या उन्हाळ्यात बहीण लेकीला घेऊन राहायला आली ती थेट पंख्यापाशीच. मग कुणी विषयच काढला नाही. मी आणि काकू मोठ्या खोलीत, ते पत्र्याखाली. वायरमन एकदाचा आला तेव्हा त्याला त्यांनीच दारातून परत पाठवलं. चौकशी पुरी झाल्याबिगर भिंतीला हात लावायचा नाही म्हणाले. प्लग चालू झाला असता तर परत बदली घ्यावी लागली असती, असं कंडक्टरांचं मत. काकूंचं मत असं की त्यांना आयुष्यात पहिल्यांदा नवी जागा मानवली होती.

ते त्याच खोलीत गेले, दोन वर्षांमागं, अगदी शांतपणे, भिंतीकडे तोंड करून. रविवार नव्हता.

आता रविवारी ओट्यावर खुर्ची तेवढी असते. पंखा अजून चालतो. रेडिओ मराठी बोलतो, मधूनच विसरतो. घराची डागडुजी माझ्याकडे आली आहे. कौलं झाली, मोरीचं झालं, माडीचा जिना झाला. सगळ्यांवर काट मारली.

मागच्या आठवड्यात वायरमन आपणहून आला, न बोलावता. रस्त्यानं जात होता म्हणे, जुनं काम आठवलं. पिशवी खाली ठेवून विचारलं, कुठला प्लग. मी कुलूप काढलं, दार उघडलं. ताडाचा पंखा खुंटीला तसाच होता. भिंत तशीच होती. त्यानं पेचकस बाहेर काढला आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब. हिची जबानी झालेली नाही अजून."

अंगणापलीकडून काकू म्हणाल्या, "तारीख द्या त्याला पुढची, आन् चहा पाजा."

त्यानं चहा घेतला, आणि गेला. प्लग दुरुस्त करायचा राहिला आहे.