मनगटाला हात

माझे दाजी लेथ मशीनवर काम करतात आणि तीस वर्षं कुंग फू करतात. लग्नात सगळे ताईला म्हणाले, "आता तुझ्याकडे वाकड्या नजरेने बघायची कुणाची छाती नाही." कुंपणच शेत खाईल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तरुणपणी दाजी रोज पहाटे गच्चीवर खडी भरलेल्या पोत्याला पाचशे ठोसे मारत. बोटांच्या सांध्यांना घट्टे पडले होते. कारखान्यात फोरमनने कॉलर धरली, तर एका लाथेत त्याच्या दोन बरगड्या गेल्या. पस्तिशीत एका सामन्यात गुडघा मोडला आणि लाथा मारणं सुटलं. मग त्यांनी जवळून लढायची शैली धरली. डोळ्यांवर पट्टी बांधायची, समोरच्याच्या मनगटाला मनगट लावायचं, आणि जरा दाब आला की थेट ठोसा. "डोकं मध्ये आणायचं नाही," ते सांगत. ते त्यांनी कधीच आणलं नाही, हे खरं.

एका दुपारी ते झोपले होते. चहासाठी उठवायला ताईने त्यांचं मनगट धरलं. डोळे न उघडताच दाजींनी ठोसा मारला. तिचं नाक मोडलं, पुढचे दोन दात पडले.

मी पाना घेऊन गेलो. दाजी हात मागे बांधून उभे राहिले. "मार," म्हणाले. मी मारलं. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज आला, तरी माझं समाधान झालं नाही. राग आजही आहे.

हाड जुळल्यावर ते माझ्याच दारात आले. "दर रविवारी घरी ये. मी बेसावध असताना मनगट धर. हात गप्प राहीपर्यंत."

ताईसाठी गेलो. माझा ओठ फाटला, एकदा जबडा सरकला. पोतं त्यांनी फेकून दिलं. आता पहाटे तासभर पाण्यात असल्यासारखे सावकाश हात हलवत. ताई दुसऱ्या खोलीत झोपायची आणि त्यांना उंबऱ्यातूनच झाडूच्या दांड्याने ढोसून उठवायची. मला हसू यायचं. ती हसत नसे.

तीन वर्षांनी, एका रविवारी दुपारी, तिने दांडा भिंतीला टेकवून ठेवला.

"ताई, नको," मी म्हणालो.

ती पलंगावर बसली आणि झोपलेल्या दाजींचं डावं मनगट धरलं.

उजव्या हाताचा ठोसा सुटला. तिच्या तोंडापर्यंत आला, वळला आणि भिंतीवर आदळला. दोन बोटं मोडली, रंगाचे पोपडे चादरीवर पडले. दाजी तिच्या नाकाकडे बघत राहिले.

डावं मनगट ताईने सोडलं नव्हतं.

"उठा," ती म्हणाली, "चहा निवतोय."