बोटभर फट

आमच्या शेजारचे म्हातारबा कुठलीच गोष्ट पूर्ण बंद करत नाहीत. पिठाचा डबा असो, कपाट असो नाहीतर दार, बोटभर फट राहतेच. सून पिठातल्या अळ्या दाखवून वैतागते. हे "हां, हां" म्हणतात आणि तंबाखूची डबी तशीच अर्धवट लावून खिशात टाकतात. रोज संध्याकाळी आमच्याकडं चहा पिऊन ते गेले, की मी उठून दार नीट लावतो.

परवा ते आले तेव्हा टीव्हीवर महायुद्धातल्या ज्यूंच्या छळाचा एक नावाजलेला सिनेमा चालू होता. शिपाई घराची झडती घेत होते आणि जमिनीच्या फळ्यांखाली एक कुटुंब लपलं होतं. बायको डोळे पुसत होती. म्हातारबा पुढं सरकले.

"मास्तर, त्यान्ला हवा कुठून येती?"

"सिनेमा हाय तात्या."

"आसं न्हाई जमत. निजाम गेला अन् लोकं मुसलमानांवर उठले, तवा आमच्या बानं शेजारचं तांबोळ्याचं घर, लेकराबाळांसकट, ज्वारीच्या पेवात लपवलं व्हतं. जमिनीत खोल. तोंडावर शिळा, अन् हवेला बोटभर फट. लोकं हुडकाया आले की मी शिळेवर खेळत बसायचो. एकदा ध्यानात न्हाई राहिलं अन् फटीवरच बसलो. बानं आशी कानफाडीत दिली!"

"वाचले का सगळे?"

"वाचले की," म्हणत त्यांनी गाल चोळला.

चहा पिऊन ते गेले. दार अर्धवटच राहिलं होतं. बायको लावायला उठली, तेव्हा मी म्हणालो, "राहू दे."