पाण्यात रोवलेले बांबू

नाव सोडण्याआधी मामा वल्ह्याचा दांडा उभा पाण्यात खुपसायचा, वर काढायचा, ओल कुठवर चढली ते डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "बघू की."

हे "बघू की" माझ्या डोक्यात जायचं. मी बैलबाजारात दलाली करून वर आलेला माणूस. रुमालाखाली समोरच्याची बोटं हातात आली की तो किती वाकणार हे मला त्याचं तोंड न बघता कळतं. हो म्हणा, नाही म्हणा. ज्याच्या बोलण्यातून दोन्हीतलं एकही निघत नाही, त्याच्या पोटात काहीतरी असतं असं मी धरून चालतो. मामाच्या पोटात काय आहे ते शोधण्यात माझे तीन हिवाळे गेले.

तुम्ही परभणीहून कधी गोदाकाठी आला असाल तर आमच्यासारखी गावं पाहिली असतील. खाली बंधारा झाला आणि पाणी फुगून आमच्या गावापर्यंत आलं. काठची रानं बुडाली. पात्र इतकं रुंद झालं की हिवाळ्यात करकोच्यांचे थवे उतरायला लागले. पलीकडच्या तीरावर महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. मी काठावरची पडीक जागा घेतली, हुरड्यासाठी शेड घातली, फायबरच्या दोन नावा आणल्या. रविवारी परभणी-नांदेडची माणसं गाड्या भरून यायला लागली. सकाळी हुरडा, मग नावेतून पक्षी बघणं, मग देवळात फोटो.

नाव चालवायला गावात एकच माणूस होता. सत्तरीचा, काटकुळा, खांद्यावर कायम ओला टॉवेल. सगळे त्याला मामा म्हणत, मीही म्हणायचो. बंधारा होण्याआधी तो गुळाच्या काहिलीत माणसं बसवून नदी पार करायचा. ती लोखंडी काहील अजून त्याच्या काठावरच्या झोपडीपुढं उपडी पडलेली असायची.

कामाचं ठरवायला गेलो तर त्यानं घासाघीस केलीच नाही. मी सांगितलं त्याला मान हलवली आणि स्वतःची एकच अट घातली. "सा मानसं. सातवं न्हाई."

"मामा, नाव दहाची आहे. कंपनीनं लिहून दिलंय."

"कंपनी ह्या पान्यात कवा उतरली व्हती?"

घासाघीस न करणारा माणूस मला आवडत नाही. त्याला दुसरीकडून काहीतरी मिळत असतं.

पाहुण्यांना मात्र त्याचा लळा लागायचा. एकदा एका शिक्षिकेनं वही उघडून विचारलं, "मामा, हा कुठला पक्षी?" मामानं नीट बघून सांगितलं, "पान्यातला." बाईंनी ते लिहूनही घेतलं. एक तरुण जोडपं नावेत भांडायला लागलं तर यानं वल्ही आत घेतली. "भांडन हू द्या. दोन कामं एका टायमाला नावंला झेपत न्हाईत." दोघं हसली, तेव्हा नाव हलली.

पण एक गोष्ट मी काठावरून रोज बघत होतो. देऊळ नाकासमोर, आणि मामाची नाव मात्र नागासारखी. थोडं वर जायचं, मग डावीकडं, मग उगाच एक मोठा वळसा. दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास. मी विचारलं तर, "जातीय की पलीकडं. आनि काय पायजे?"

त्यातच पलीकडच्या गावातल्या एकानं माझं बघून तसंच दुकान मांडलं. हुरडा, नाव, तीच शेड, रंगसुद्धा तोच. आणि मामा दर सोमवारी त्याच्या काठाला दिसायला लागला. एकदा तर त्याच्या खुर्चीत बसून बशीतनं चहा पिताना मी डोळ्यांनी पाहिला.

"तिकडं कशाला जाता?" मी विचारलं.

"चहा चांगला असतोय."

मी बायकोला म्हणालो, म्हातारा फुटला. ती म्हणाली, "तुम्हाला सगळेच फुटलेले दिसायलेत. चष्मा बदला."

आणि मग एके सकाळी काठावर आलो तर नदीत बांबू रोवलेले. काही अलीकडं, काही पलीकडं. काहींना पांढरी चिंधी, काहींना तांबडी. आमच्याकडं खुंटी रोवणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आधी खुंटी येते, मग तार, मग मोजणी, मग तारीख पे तारीख. बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिलेत. हा तर पाण्यावर बांध घालण्याचा प्रकार होता. पलीकडचा नदी वाटून घेतोय आणि खुंट्या ठोकायला माझाच माणूस.

"कोणी रोवले हे?" मी ओरडलो.

"म्या."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

मामा नाव धूत होता. मान वर न करता म्हणाला, "पानी उतरायलंय."

मी काय विचारतोय आणि हा काय बोलतोय! माझा पारा चढला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः नाव घेतली आणि एकूण एक बांबू उपटून आणला. शेडच्या कुंपणाला लावून टाकले. मामा काठावर उकिडवा बसून बघत होता. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "उद्यापासून येऊ नका." त्यानं टॉवेल झटकला आणि गेला.

त्या रविवारी माझी बहीण, तिचे सासरे आणि तिच्या घरची माणसं आली. सात जण, आठवा मी. तरंगायची लाइफ जॅकेटं शेडमध्येच लटकत राहिली. वल्ही मीच घेतली आणि नाव नाकासमोर सोडली. "बघा, दहा मिनिटांत देऊळ," असं मी म्हणालोही.

मधोमध खालून करकर आवाज आला आणि नाव अडली. तळ फाटला होता. पाणी आत यायला लागलं. वाकून पाहिलं तर खाली दगडी बांधकाम, गुडघाभर पाण्यात. मी म्हणालो, घाबरू नका, खाली भक्कम आहे, आणि उतरून उभा राहिलो. नाव ढकलायला एक पाय मागं घेणार, तोच काठावरून आवाज आला.

"मालक! मागं पाय टाकू नगा! मागं हीर हाय!"

मी विहिरीच्या कठड्यावर उभा होतो. माझ्या टाचेमागं पाणी काळं दिसत होतं.

मामा काहील पाण्यात लोटून आला. येताना एकसारखा बोलत होता, "कुनी उठायचं न्हाई. ज्येनं त्येनं आपल्या जाग्याला. ताई, सासऱ्याचा हात धरा. आज धरला तर चालतंय." बहीण रडता रडता हसली. दोन-दोन माणसं करून त्यानं सगळ्यांना काठाला नेलं. सगळ्यात शेवटी मला. तोवर मी तिथंच, गुडघाभर पाण्यात, हलायचीही भीती.

काठाला लागल्यावर मी आधी काय केलं असेल? त्याच्यावरच खेकसलो. "सांगितलं का नाही? पांढरी चिंधी काय, तांबडी काय?"

"तांबडी हिरीची. पांढरी बाभळीच्या खुटाची. पानी उतरलं की वर येत्यात." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी इचारलं कुनी रोवले. कशाला रोवले हे कुठं इचारलं?"

पलीकडं तो सोमवारी जायचा तेही याचसाठी. त्या दुकानवाल्याच्या बाजूचे खुंट चाचपायला. त्यालाही यानं आपणहून काही सांगितलं नव्हतं, फक्त बांबू रोवले आणि चहा पिऊन आला.

पुढच्या पावसाळ्यात मामा लेकीकडं पिंगळीला राहायला गेला. जाण्याआधी त्यानं पुन्हा रोवलेले बांबू पुरानं नेले. हुरड्याचा हंगाम आला, पाणी उतरायला लागलं आणि माझ्या नावा बांधलेल्याच. बुडालेली रानं पाण्यावरून ओळखणारा दुसरा माणूस गावात नव्हता. मग मी पिंगळी गाठली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "मामा, तुम्ही म्हणाल ते." तो ओसरीवर धापत बसला होता. खूप थकला होता. लेक नको म्हणत होती. तो म्हणाला, "एक दिस येतो."

आला. मी बांबू धरायचा, त्यानं दांड्यानं तळ चाचपायचा. प्रत्येक ठिकाणी मी विचारत गेलो आणि वहीत लिहीत गेलो. ही कोणाची विहीर, हे बाभळीचं खोड, हा विजेचा मोडका खांब. असे अकरा झाले. दिवस कलला तसा तो देवळाच्या अलीकडं थांबला आणि चिंधी न बांधता एक बांबू रोवायला लावला.

"इथं काय आहे?"

"रोवा."

"मामा, या वेळी मी 'कशाला' विचारतोय."

तो हसला. टॉवेलानं तोंड पुसलं आणि काठाकडं बोट दाखवलं. महिन्याभरात लेकीचा फोन आला, मामा गेला म्हणून.

माझा राग गेलेला नाही. माणसानं बोलावं. त्या बाराव्या बांबूभोवती मी लांब काठी घेऊन तीनदा तळ चाचपला आहे. खाली मऊ गाळ आहे, दुसरं काही लागत नाही. त्यानं मला फसवलं असावं असा माझा दाट संशय आहे. पाहुणे विचारतात, इथं काय आहे हो? मी सांगतो, खोल आहे. आणि नाव लांबून वळवून नेतो.