अजून पानं झडली नाहीत

बा मला पोचवायला वैनगंगेच्या काठापर्यंत आला होता. माझी पत्र्याची पेटी त्यानं डोंग्यात ठेवली, डोंगा ढकलला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणाला, "मोहाचे फुलं पडले का ये. नोकरी होत राह्यते." चांद्याच्या लाकूड डेपोत मला कारकुनी मिळाली होती. येतो म्हणालो. गेलो मात्र नाही.

चामोर्शीपलीकडच्या आमच्या गावात पानगळ म्हणजेच बोलावणं. फाल्गुनात मोहाची पानं झडली की झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करायची आणि मग पहाटे पडलेली फुलं वेचायची. बाहेरगावचा माणूसही तेवढ्यासाठी घरी येतो. घरात प्रत्येकाचं एक झाड ठरलेलं असतं. माझं झाड आई वेचायची, ती होती तोवर.

चांद्याला जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या, तेव्हा अंगणात काय लावायचं हा प्रश्न आला. रोपवाला म्हणाला, बहावा लावा, उन्हाळ्यात पिवळाधमक होतो. मी विचारलं, पानं झडतात का? झडणारच, म्हणाला. मग नको. सावर नको, पळस नको. आंबा, जांभूळ, फणस लावले. बारमाही सावली मिळेल, असं सगळ्यांना सांगितलं. "मला अंगण झाडायचा त्रास नको म्हणून का?" बायको, अनसूया, हसली. "एवढी माया कधीपासून?" तिलाही खरं सांगितलं नाही. उघडं पडलेलं झाड मला माझ्या दारात नको होतं. गाव सोडून आलेल्यांना हे न सांगता कळेल. जे मागं राहिले, त्यांना कसं सांगावं ते मला इतकी वर्षं सुचलं नाही.

छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या दिवाळीला बाला घेऊन आलो. आई गेल्यापासून तो एकटाच राहायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हिरवं की पिवळं, एवढंच त्याला कळे. आणि मोहाखाली पहाटे अस्वलंही येतात. तो म्हणाला, "पानं झडेपर्यंत राहीन. मंग मले पोचवून दे." मी हो म्हणालो आणि मनातल्या मनात माझी झाडं आठवली.

तो रोज सकाळी अंगणात बसून विचारी, "झडले का रे पानं?"

"नाई, बा. हिरवंगार हाय."

ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त टोचायचं. शिमगा आला, ढोल त्यानंही ऐकले. "शिमगा सरला, अन् अजून हिरवं?"

"यंदा पानी जास्त झालं ना, बा. उशीर हाय."

डेपोबाहेरचे साग खराट्यासारखे झाले होते. बाला फाटकाबाहेर नेऊ नको, असं अनसूयेला बजावलं. कुठून मोहाचा वास येतोय का, म्हणून वाऱ्याची दिशा बघायचो. दुपारी काम टाकून घरी धावायचो. रस्ता विचारत नदीकडे निघाला असेल तर?

असाच एकदा धापा टाकत आलो, तर बा जांभळीला पाठ टेकून बसलेला. अनसूया चहा देत होती.

"आला का पहारेकरी?" बा म्हणाला.

"मामाजी!" अनसूयेनं तोंडाला पदर लावला.

"हे जांभूळ. तो आंबा. तिकडं फनस. पहिल्याच दिशी हात लावून पाह्यलो. हे कवा झडतेत रे?"

मी म्हणालो, "मंग रोज काऊन विचारत होता?"

"तू कवापर्यंत असं बोलतं ते पाहून राह्यलो होतो. अन् खरं कवा बोलतं, तेही."

"जाऊ नोको, बा. तिकडं तुले काही झालं तं..." जाऊ नको असं आमच्या घरात कोणी कोणाला म्हणत नसे. मी निघालो तेव्हा त्यानंही म्हटलं नव्हतं.

बानं चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाला, "जातो. वेचून येतो."

"येशील?"

"येईन ना. कोनी बोलावलं तं येते मानूस."

तो सहज बोलला. मला ते पुरलं.

रजा टाकून मीच त्याला घेऊन गेलो. माझ्या झाडाखालचा पाला मी जाळला. बानं हातानं चाचपून फुलं वेचली, माझ्यापेक्षा भराभर. रजा संपली तेव्हा म्हणाला, "तू हो पुढं. फुलं वाळली का येतो. शेजारचा पोचवून देते मले."

आता मे सरत आला, रोहिणी नक्षत्र लागलंय. बाचा पत्ता नाही. अनसूयेनं त्याची खाट अंगणातून आत घेतलेली नाही. घर कुठं, असं कोणी विचारलं तर मला पटकन सांगता येत नाही. तिकडं माझं झाड आहे, इथं त्याची खाट, आणि मधली नदी आता चढेल. रविवारपर्यंत तो आला नाही, तर मी निघणार आहे. कोणी बोलावलेलं नाही. तरी जाणार.